फ्रीज अन्न थंड ठेवतो, स्वच्छ नाही : घरच्या फ्रीजचा इतिहास आणि आपले आरोग्य

"डॉक्टर, बाहेरचं काही खाल्लं नाही. घरचंच होतं, आणि तेही फ्रीजमध्ये ठेवलेलं!"

जुलाब-उलट्यांचे रुग्ण आले की हे वाक्य हमखास ऐकू येते. फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे अन्न सुरक्षित झाले, असा आपल्या सगळ्यांचाच समज असतो. फ्रीज हे अन्नाचे कपाट आहे आणि कपाटाइतकीच त्याची निगा पुरेशी आहे, असे आपण धरून चालतो. दिवाळीच्या आधी एकदा पुसला की झाले.

फ्रीज कसा आणि का साफ करायचा, याच्या सूचना सगळीकडे मिळतात. पण नुसत्या सूचना लक्षात राहत नाहीत. त्यामागचे कारण कळले की राहतात. म्हणून आज थोडा इतिहास पाहू. आपल्या स्वयंपाकघरातल्या या पेटीने गेल्या शंभर वर्षांत माणसांना चार वेगवेगळ्या प्रकारे इजा केली आहे: विषारी वायूने, पेट घेणाऱ्या वायूने, आतून न उघडणाऱ्या दाराने आणि थंडीत वाढणाऱ्या जंतूने. आजच्या फ्रीजची रचना आणि तो वापरण्याचे नियम या अपघातांतूनच घडले. पहिल्या तीन धोक्यांवर कारखान्यांनी आणि कायद्यांनी बराचसा उपाय केला आहे. चौथ्यावरचा उपाय मात्र आजही आपल्याच हातात आहे.

बर्फाचा काळ

थंडावा टिकवण्याची धडपड फ्रीजपेक्षा फार जुनी आहे. आपल्याकडे पाण्याला माठ होता, दुधाच्या पातेल्याभोवती ओले फडके होते, लोणी पाण्यात ठेवण्याची रीत होती. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, एवढेच त्यामागचे तत्त्व. आजचा फ्रीजही मुळात याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की त्यात पाण्याऐवजी लवकर वाफ होणारा दुसरा पदार्थ असतो आणि कंप्रेसर त्याची वाफ दाबून पुन्हा पुन्हा वापरतो.

एकोणिसाव्या शतकात बर्फ हा व्यापाराचा माल झाला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून, भुशात बांधून जहाजाने उष्ण देशांत पाठवत असे. १८३३ मध्ये त्याचे 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

याच काळात कृत्रिम बर्फ बनवण्याच्या खटपटीत एक डॉक्टर होता. अमेरिकेतल्या फ्लोरिडा प्रांतात डॉ. जॉन गोरी हिवतापाच्या रुग्णांवर उपचार करत असत. खोली थंड ठेवली तर रुग्णांना आराम पडेल, या विचाराने ते छताला बर्फाची भांडी टांगत. पण बर्फ उत्तरेकडून बोटीने यायचा. बोट आली नाही की संपले. म्हणून त्यांनी बर्फ बनवणारे यंत्रच तयार केले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. यंत्राला भांडवल मिळाले नाही आणि १८५५ मध्ये ते निधन पावले. रोग दूषित हवेने होतो ही त्यांची समजूत त्या काळातल्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे चुकीची होती. डासांचा संबंध कळायला अजून ४०-४५ वर्षे जायची होती.

शतकाच्या अखेरीस अमेरिकेत घरोघरी बर्फपेट्या आल्या. लाकडी कपाट, आतून जस्ताचा किंवा कथलाचा पत्रा, वरच्या कप्प्यात बर्फाची लादी आणि खाली वितळलेले पाणी साठवायचे ताट. हे ताट रोज रिकामे करावे लागे आणि पेटी वरचेवर घासून धुवावी लागे, नाहीतर तिला वास येई. बर्फ मात्र स्वच्छच असतो, असा सर्वसाधारण समज होता. पाणी गोठले की त्यातली घाण निघून जाते, असे लोक मानत.

हा समज न्यूयॉर्कचे डॉ. मिचेल प्रुडेन यांनी १८८७ मध्ये प्रयोगाने खोडून काढला. त्यांनी टायफॉइडचे जंतू पाण्यात मिसळून ते पाणी गोठवले आणि ठरावीक दिवसांनी तपासले. पुष्कळ जंतू मेले. पण १०० दिवस उलटल्यावरही काही जंतू जिवंत सापडले. सांडपाणी मिसळणाऱ्या नद्या-तळ्यांतला बर्फ किती धोक्याचा आहे, हे त्यातून लोकांना कळले.

फ्रीजच्या इतिहासातला आपल्यासाठी पहिला धडा हाच. थंडी जंतूंना झोपवते, मारत नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेले मटण किंवा मासे बाहेर काढून सामान्य तापमानाला आले की जंतू पुन्हा वाढू लागतात. उसाच्या रसातला किंवा गोळ्यातला बर्फ दूषित पाण्याचा असेल, तर तो गोठलेला आहे म्हणून निर्धोक होत नाही.

स्वयंपाकघरात विषारी वायू

विजेवर चालणारे घरगुती फ्रीज १९१० नंतरच्या दशकात बाजारात आले. १९२७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने डोक्यावर गोल कंप्रेसर असलेला 'मॉनिटर टॉप' आणला आणि फ्रीज लाखो घरांत पोहोचला. थंडावा निर्माण करण्यासाठी त्या काळी तीन पदार्थ मुख्यतः वापरले जात: अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड. तिन्ही विषारी.

अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड यांचा निदान वास तरी उग्र असतो. गळती झाली की डोळे-नाक झोंबते आणि माणूस घराबाहेर पळतो. मिथाइल क्लोराइडचा वास इतका सौम्य की तो जाणवतही नाही. १९२८-२९ मध्ये शिकागोत घरगुती फ्रीजमधून गळलेल्या या वायूने विषबाधा झालेल्या २९ रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली; त्यांतले १० दगावले. डोके दुखणे, गुंगी, उलट्या, तोल जाणे आणि मग आकडी, अशी लक्षणे. उलट्या झालेला रुग्ण पाहून फ्रीजच्या वायूचा संशय कोणाला येणार?

बर्लिनमध्येही असाच प्रकार घडला होता. फ्रीजमधून रात्री गळलेल्या वायूने एक कुटुंब मुलाबाळांसह झोपेतच मरण पावले. ही बातमी वाचून एक शास्त्रज्ञ अस्वस्थ झाले. त्यांचे नाव अल्बर्ट आइनस्टाइन. वायू गळतो तो हलणाऱ्या पंपाच्या सांध्यांतून. मग पंपच नसलेला किंवा हलणारा भागच नसलेला फ्रीज बनवता येईल का? तरुण भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्यासोबत त्यांनी १९२६ पासून काही वर्षे या प्रश्नावर काम केले. या जोडीने अनेक पेटंटे घेतली. त्यांतले अमेरिकेचे पेटंट १९३० मध्ये मंजूर झाले. त्यांचा फ्रीज बाजारात कधी आला नाही. पण त्यासाठी त्यांनी शोधलेल्या पंपाचे तत्त्व पुढे काही अणुभट्ट्या थंड ठेवण्यासाठी वापरले गेले.

'सुरक्षित' वायूची दुसरी बाजू

फ्रीज घरोघरी पोहोचले ते थॉमस मिजली या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या शोधामुळे. १९२८ मध्ये त्यांच्या गटाने विषारी नसलेला आणि पेट न घेणारा वायू तयार केला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो वायू छातीभर ओढून घेतला आणि हळूच सोडून समोरची मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि जळतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. हाच पुढे फ्रीऑन नावाने प्रसिद्ध झालेला क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी.

घरातल्या माणसांपुरता प्रश्न मिटला. पण हा वायू इतका टिकाऊ होता की फ्रीजमधून सुटलेला वायू वर्षानुवर्षे वातावरणात राहून वर ओझोनच्या थरापर्यंत जाई. तिथे त्यातला क्लोरीन ओझोनचा नाश करतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवले. ओझोनचा थर विरळ झाला की अतिनील किरण वाढतात आणि त्यांच्यासोबत त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोकाही वाढतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची मोठी घट जगासमोर आली आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला.

मग सीएफसीऐवजी काय? या शोधातही आरोग्याच्या क्षेत्रातली माणसे होती. जर्मनीत डॉर्टमुंडच्या आरोग्यविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी प्रोपेन आणि ब्युटेन या साध्या वायूंच्या मिश्रणावर फ्रीज चालवून दाखवला. ग्रीनपीस या संघटनेने तो उचलून धरला आणि १९९३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एका कारखान्यातून असे फ्रीज बाजारात आले.

आज भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. फ्रीजच्या मागच्या किंवा आतल्या पट्टीवर 'आर-६००ए' असे लिहिलेले दिसले, तर तोच. स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला हा वायू ओझोनला धक्का लावत नाही. पण तो पेट घेऊ शकतो. घरगुती फ्रीजमध्ये तो थोडाच असतो, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार जास्तीत जास्त १५० ग्रॅम आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी. नीट हाताळलेला फ्रीज त्यामुळे धोकादायक ठरत नाही. पण यातून साफसफाईचे काही नियम निघतात, आणि ते पाळायलाच हवेत:

- फ्रीजरमधला बर्फ सुरी, स्क्रू-ड्रायव्हर किंवा उलथन्याने कधीही खरवडू नका. बर्फाच्या मागेच वायूची नळी असते आणि ती पातळ असते.
- बर्फ लवकर वितळावा म्हणून आत हीटर, मेणबत्ती किंवा पेटता दिवा ठेवू नका. फ्रीज बंद करून दार उघडे ठेवा. घाई असेल तर गरम पाण्याचे पातेले आत ठेवा.
- वायू गळल्याची शंका आली, उदाहरणार्थ टोचल्यावर फुस्स आवाज आला, तर आधी खिडक्या उघडा. आग किंवा लायटर पेटवू नका. फ्रीजचे बटण किंवा प्लगही चालू-बंद करू नका, कारण त्यातली ठिणगी पुरते. बाहेर पडा आणि दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला बोलवा.

आतून न उघडणारे दार

जुन्या फ्रीजच्या दाराला बाहेरून खटका असे. दार ओढून लावले की खटका बसे आणि आतून ते उघडत नसे. हवा आत जाऊ नये म्हणून दाराच्या कडा घट्ट. वापरात नसलेले फ्रीज अंगणात, जिन्याखाली, उकिरड्यावर पडून असत. लपंडाव खेळताना मुले त्यात शिरत. दार लागले की आतून ढकलून उपयोग नसे, आणि आतला आरडाओरडा जाड भिंतींमुळे बाहेर ऐकू येत नसे. थोड्याच वेळात मूल गुदमरत असे.

असे मृत्यू इतके झाले की अमेरिकेच्या संसदेने १९५६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९५८ च्या ऑक्टोबरअखेरीनंतर बनणाऱ्या प्रत्येक घरगुती फ्रीजचे दार आतून उघडता आले पाहिजे, असा त्याचा आशय. त्यानंतर खटक्याची जागा दाराच्या रबरात बसवलेल्या चुंबकाच्या पट्टीने घेतली. दार लावताना आज आपल्याला जी हलकी ओढ जाणवते, ती या कायद्याची देणगी आहे.

तरीही आपल्याकडे काळजी घ्यायला दोन कारणे आहेत. एक म्हणजे कुलूप-किल्लीचे फ्रीज आजही घरांत आहेत. दुसरे म्हणजे चुंबकाचे दारही लहान मुलाला घाबरलेल्या अवस्थेत आतून ढकलता येईलच असे नाही. म्हणून जुना फ्रीज भंगारवाल्याला देईपर्यंत गच्चीत किंवा गॅलरीत ठेवायचा असेल, तर त्याचे दार काढून टाका. साफसफाईसाठी कप्पे बाहेर काढून फ्रीज रिकामा केला असेल, तेव्हाही लहान मुले आसपास असतील तर तिथून हलू नका. कप्पे भरलेल्या फ्रीजमध्ये मूल शिरू शकत नाही. रिकाम्यात शिरू शकते.

थंडीत वाढणारा जंतू

आता चौथा धोका, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा.

आइनस्टाइन आणि झिलार्ड फ्रीजवर काम करू लागले त्याच वर्षी, म्हणजे १९२६ मध्ये, इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पाळलेले ससे अचानक मरू लागले. मरे, वेब आणि स्वान या संशोधकांनी त्यामागचा एक नवा जंतू शोधून काढला. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांच्या सन्मानार्थ त्याला पुढे 'लिस्टेरिया' हे नाव मिळाले. बरीच वर्षे हा मुख्यतः जनावरांचा आजार मानला जात होता.

या जंतूचा एक गुण १९४८ मध्ये लक्षात आला. आजारी गुरांच्या मेंदूच्या नमुन्यात तो आहे अशी शंका असली, तरी नेहमीच्या पद्धतीने तो सापडत नसे. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की तोच नमुना ४ अंश सेल्सिअसला काही आठवडे ठेवून पुन्हा तपासला की जंतू सापडतो. इतर जंतू थंडीने मंदावत आणि लिस्टेरिया मात्र सावकाश वाढत राही. तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये लिस्टेरिया शोधण्यासाठी नमुना मुद्दाम थंडीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

हे वाक्य पुन्हा वाचा. जे तापमान आपण अन्न सुरक्षित ठेवण्यासाठी वापरतो, तेच तापमान शास्त्रज्ञ हा जंतू वाढवण्यासाठी वापरत होते.

तो अन्नातून माणसांत येतो याचा ठोस पुरावा १९८१ मध्ये कॅनडात मिळाला. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत ४१ जणांना लिस्टेरियाची लागण झाली. त्यांतल्या ३४ घटना गर्भवती स्त्रिया आणि नवजात बाळांच्या होत्या: गर्भपात, पोटात मूल दगावणे, जन्मतःच गंभीर आजारी बाळे. शोध घेता घेता तपास पोहोचला तयार कोलस्लॉपर्यंत, म्हणजे कोबीच्या कोशिंबिरीसारख्या पदार्थापर्यंत. कोबी ज्या शेतातून आला, तिथे मेंढ्यांचे खत वापरले जाई आणि त्या शेतातल्या दोन मेंढ्या लिस्टेरियाने मेल्या होत्या. खतातून जंतू कोबीवर आला. पुढे तो कोबी हिवाळाभर थंड कोठारात ठेवला गेला. थंडीने कोबी टिकला, आणि जंतूही वाढला.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मऊ चीजमधून याची साथ आली आणि २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका प्रकारच्या तयार मांसपदार्थातून. दक्षिण आफ्रिकेतल्या साथीत हजाराहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले.

हा आजार नेहमीच्या जुलाब-उलट्यांच्या मानाने दुर्मीळ आहे. वाचून घाबरून जाऊ नये. पण ज्यांना होतो त्यांच्यासाठी तो गंभीर असतो. गर्भवती स्त्रिया, नवजात बाळे, साठीच्या पुढची माणसे, कर्करोगावर उपचार घेणारे, स्टेरॉइड घेणारे, मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले, मधुमेही अशांना जास्त धोका. गर्भवतीला स्वतःला नुसता ताप आणि अंगदुखीच जाणवते, पण बाळाला मोठी इजा होऊ शकते. दूषित अन्न खाल्ल्यावर आजार दिसायला कित्येकदा काही आठवडे लागतात, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. गरोदरपणात ताप आला, तर तो 'व्हायरल' असेल असे स्वतःच ठरवू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळेत निदान झाले तर प्रतिजैविकांनी उपचार करता येतो.

लिस्टेरिया फ्रीजमध्ये येतो कसा? माती लागलेल्या भाज्या, कच्चे दूध, कच्चे मांस-मासे यांच्याबरोबर. सांडलेले दूध, भाजीच्या कप्प्यात साठलेले पाणी, दाराच्या रबराच्या घडीतली घाण ही त्याची टिकून राहायची ठिकाणे. तिथून तो हातांना, भांड्यांना आणि मग न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांना लागतो. फ्रीज पुसण्याचे खरे कारण चकचकीतपणा किंवा वास नव्हे, हे आहे.

आपल्याकडचा फ्रीज

भारतात घरगुती फ्रीजचे उत्पादन १९५८ मध्ये गोदरेजने सुरू केले. पुढची बरीच वर्षे फ्रीज ही मोजक्या घरांतली वस्तू होती. शेजारच्यांचे दूध किंवा औषधही त्यात ठेवले जाई. आज तो बहुतेक शहरी घरांत आहे, पण त्याचे शास्त्र त्याच्यासोबत घरात आले नाही.

यातली तफावत पाहायची असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावोगावी लसी थंड ठेवण्याची साखळी उभी राहिली. तिथल्या लसींच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर असतो. आतले तापमान २ ते ८ अंशांत आहे का, हे रोज सकाळी आणि संध्याकाळी पाहून वहीत लिहिले जाते. त्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटली किंवा डबा ठेवायला मनाई असते, म्हणजे दार उगाच उघडले जात नाही. घरच्या फ्रीजचे तापमान मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी मोजलेले असते. '१ ते ७' ही डायलवरची आकडेवारी अंश सेल्सिअसची नसते. ती फक्त थंडीची कमी-जास्त पायरी असते. फ्रीजचा साधा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो मधल्या कप्प्यावर ठेवा. तापमान ५ अंशांच्या खाली, शक्यतो ४ अंशांपर्यंत हवे. फ्रीजर उणे १८.

आणखी एक धोका खास आपल्या हवामानातला आहे. फ्रीजच्या मागे, कंप्रेसरजवळ, पाण्याचा ट्रे असतो. बर्फपेटीखालच्या त्या ताटाचाच हा वंशज. त्या काळच्या गृहिणी ताट रोज रिकामे करत. आपल्याला ट्रे आहे हेच पुष्कळदा माहीत नसते. या साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करा, आणि नुसता ओतू नका, घासा. कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरी येऊन फ्रीजच्या मागे वाकून पाहतात, ते याचसाठी.

फ्रीज साफ करताना

आता नियमांमागची कारणे माहीत झाली. कृती सोपी आहे.

रोज : काही सांडले तर लगेच पुसा. कच्चे मांस-मासे झाकणाच्या डब्यात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात. शिजवलेले अन्न वर, झाकून.

आठवड्यातून एकदा : बाजारातून भाजी आणण्याच्या आदल्या दिवशी फ्रीज सर्वांत रिकामा असतो, तेव्हा शिळे, बुरशी आलेले, वास येणारे टाका. भाजीचा कप्पा धुऊन कोरडा करा. मागचा ट्रे घासा.

महिन्यातून एकदा :

१. बटण बंद करून प्लग काढा. ओल्या हाताने प्लगला हात लावू नका.
२. दूध, मांस, उरलेले अन्न बर्फाच्या पिशवीसोबत झाकून ठेवा. काम तासाभरात आटोपेल असे पाहा.
३. काचेचे कप्पे गार असताना त्यांवर कढत पाणी ओतू नका, तडकतात. ते आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा.
४. आतल्या भिंती साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने. वासासाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा पुरतो.
५. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. रबर नीट बसते का पाहा: कागद दारात धरून ओढा, सहज निघाला तर थंडी बाहेर जाते आहे.
६. आत पाणी निथळून जाण्याचे बारीक छिद्र असते. ते तुंबले की भाजीच्या कप्प्यात पाणी साठते. मऊ काडीने आणि कोमट पाण्याने मोकळे करा.
७. कोरड्या फडक्याने पुसून मगच वस्तू परत ठेवा.

कच्च्या मांसाचे पाणी सांडले असेल तर साबणाने धुतल्यावर ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साधे ब्लीच घालून त्याने पुसा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि ॲसिड, ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून फुप्फुसाला इजा करणारा वायू निघतो. फिनेल आणि बाथरूमचे क्लीनर फ्रीजमध्ये नकोत.

अन्नाच्या बाबतीत : शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे, एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात एका तासात. मोठे पातेले तसेच ठेवण्याऐवजी पसरट लहान भांड्यांत काढा, म्हणजे लवकर गार होते. उरलेले अन्न तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवू नये, असे आंतरराष्ट्रीय सल्ले सांगतात. आपल्याकडे दार सतत उघडते आणि वीज जाते, म्हणून मी एक-दोन दिवस सांगतो. खाताना वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच. पुन्हा पुन्हा नको. गर्भवतींनी फ्रीजमधले जुने पदार्थ, कच्च्या दुधाचे पनीर-चीज आणि आधी कापून ठेवलेली फळे टाळावीत.

वीज गेली तर : दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर दूध, मांस, शिजवलेले अन्न टाकून द्यावे. वास येत नाही म्हणजे चांगले आहे, असे नाही. आजार करणाऱ्या पुष्कळ जंतूंना वास नसतो.

इन्सुलिन : न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरला चिकटून नको, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि ते वितळल्यावरही वापरू नये. फ्रीज साफ करताना ते आठवणीने सुरक्षित जागी काढा.

विषारी वायू गेला, दाराचा खटका गेला, वायूचे प्रमाण ठरले. ही कामे शास्त्रज्ञांनी, डॉक्टरांनी आणि कायद्याने केली, आणि प्रत्येकासाठी आधी कोणाला तरी जीव गमवावा लागला. लिस्टेरियाला अडवणारा फ्रीज मात्र अजून कोणी बनवलेला नाही. तिथे कामाला येतात एक थर्मामीटर, कोमट पाणी, साबण आणि महिन्यातला एक तास.

घरात गर्भवती, तान्हे बाळ, वृद्ध किंवा दीर्घ आजारी व्यक्ती असेल, तर हा एक तास या रविवारीच काढा.